अंतराचं गणित (भाग ७) : भांडुपहून अमेरिका नेमकी कुठल्या दिशेला?

भांडुपच्या व्हिलेज रोडवर किंवा टेंभीपाड्यात कुणा आजोबांना विचारा, मुलगा कुठे असतो? सॅन फ्रान्सिस्कोला. किती लांब आहे हो ते? याचं उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही. ‘सोळा-सतरा तास लागतात’ असंच मिळतं. कोकणनगरातल्या माणसाला सावंतवाडी किती लांब म्हणून विचारलं, तर तोही तासच सांगेल. गणपतीच्या गर्दीत पाचेकशे किलोमीटरला एसटी चौदा-पंधरा तास घेते. तेवढ्याच वेळात विमान न्यूयॉर्कहून मुंबई गाठतं. दूर आणि जवळ आपण घड्याळावरच ठरवतो आणि त्यात काही गैर नाही.

पण हे तास येतात कुठून? न्यूयॉर्कला जाताना सोळा आणि येताना चौदा, असं का? नकाशात अमेरिका पश्चिमेला, मग विमान मुंबई सोडल्यावर उत्तरेकडे का वळतं? आणि एका वर्षी पंधरा तासांत झालेला प्रवास पुढच्या वर्षी सतरा तासांचा का होतो? ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यांना हे प्रश्न पडतात. ट्रॅव्हल एजंट ते सोडवून सांगत नाही आणि मुलांना तेवढी फुरसत नसते. म्हणून आजचा भाग त्यांच्यासाठी.

अंतर आणि वेळ यांच्या गोष्टीत भांडुपचा एक जुना मान आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले होते. मुंबई ठाणे-कल्याणला आणि पुढे थळ व भोर घाटांना रेल्वेने जोडावी, ही कल्पना त्यांना त्या भेटीत सुचली, अशी नोंद रेल्वेच्या इतिहासात आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी भांडुपवरूनच गेली. तिथून पुढे अंतरं आक्रसत गेली. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले, मार्सेलला उतरून १२ सप्टेंबरला लंडनमध्ये पोहोचले. दोन आठवडे. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी टपालाचं छोटं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणून उतरवलं. लंडनचा मराठी माणूस आणि मुंबईचं विमान दोघेही एकाच वर्षी कामाला लागले, पण त्यांची गाठ पडायला आणखी सोळा वर्षं जावी लागली. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा असं थांबत १० तारखेला लंडनला पोहोचलं. मुंबई ते न्यूयॉर्क मध्ये कुठेही न थांबता जाण्याची सोय एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली. आनंदीबाईंच्या दोन महिन्यांचे पंधरा-सोळा तास झाले, ते असे.

आता दिशेकडे वळू. भांडुप स्टेशनच्या पुलावर मुलुंडकडे तोंड करून उभे राहा. रूळ सरळ उत्तरेला जात नाहीत, ते उत्तरेपासून साधारण तीस अंश पूर्वेकडे कललेले आहेत. मनात शुद्ध उत्तर धरा आणि डावीकडे एक्केचाळीस अंश वळा. बोरिवली स्टेशन त्या रोखाने येतं आणि तीच रेघ पृथ्वीवरून पुढे ओढत नेली तर लंडनला पोहोचते. लंडन वायव्येला आहे हे ऐकून फारसं नवल वाटत नाही. न्यूयॉर्क मात्र त्याहून उत्तरेकडे आहे. शुद्ध उत्तरेपासून सत्तावीस अंशच डावीकडे, म्हणजे ढोबळमानाने तुळशी तलावाच्या अंगाने. आणि सॅन फ्रान्सिस्को? ते चक्क उजवीकडे येतं, उत्तरेपासून चौदा अंश पूर्वेला, घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीच्या रोखाने. भिंतीवरच्या नकाशावर अमेरिका डाव्या कडेला लटकलेली असते आणि इथे सगळ्यांत जवळची वाट ठाण्याच्या बाजूने निघते.

यावर विश्वास बसत नसेल तर घरात पृथ्वीचा गोल काढा. नातवंडाचा प्लास्टिकचा चालेल. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणा. सैल असेपर्यंत तो अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असा आपल्या मनातल्या नकाशावरून पडलेला असतो. ताणायला लागलात की तो आपोआप वर सरकू लागतो. पूर्ण ताणला गेला की पाहा कुठून जातो : सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंडचा दक्षिण भाग, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. दोऱ्याला नकाशा ठाऊक नसतो, त्याला फक्त कमीत कमी लांबी ठाऊक असते. गोलाचं केंद्र आणि ही दोन शहरं यांतून सुरीने काप घेतला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल, त्याचाच हा तुकडा. गणितात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावर याहून जवळची वाट असूच शकत नाही.

तोच दोरा मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला ताणला तर तो पंजाब-हरियाणावरून लडाख, काराकोरम, शिनजियांग, सायबेरियात येनिसेई नदीचा प्रदेश, आर्क्टिक महासागर आणि अलास्का असा जातो. वाटेत तो जवळजवळ ७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. तिथून उत्तर ध्रुव उरतो दीड हजार किलोमीटर.

भिंतीवरचा नकाशा आपल्याला फसवतो तो त्याच्या जन्मामुळे. मर्केटरने १५६९ मध्ये तो बनवला तो दर्यावर्दी लोकांसाठी. होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज हाकायचं, तर तो मार्ग कागदावर सरळ रेघेत दिसावा, एवढीच त्यांची गरज होती. त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणून रुंद करावे लागले. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, मुंबईच्या अक्षांशावर १०५ चा आणि साठ अंश उत्तरेला थेट निम्मा, साडेपंचावन्न किलोमीटरचा. नकाशात मात्र तिन्ही ठिकाणी रुंदी सारखीच छापलेली. म्हणजे उत्तरेकडे खरी वाट कमी आणि कागदावरची जास्त. विमान वर चढतं ते त्या आखूड वाटेसाठी. शाळेत भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगतात आणि गोल कपाटात धूळ खातो. हे उलट व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आकडे असे. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५००. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५००, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा एक तृतीयांश. पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं वीस हजार किलोमीटरहून लांब असू शकत नाहीत. मुंबईच्या नेमकं पायाखालचं ठिकाण पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला पडतं. तिथे कुणाचा मुलगा नोकरीला नाही.

हे झालं दोऱ्याचं अंतर. विमान प्रत्यक्षात यापेक्षा जास्त कापतं आणि वेळ तर त्याहूनही वेगळ्या कारणांनी ठरतो. त्यांतलं सगळ्यांत मोठं कारण वारा.

लांब पल्ल्याचं प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातं. ‘हवेच्या तुलनेत’ हे इथे महत्त्वाचं, कारण ती हवा स्वतः धावत असते. मध्य अक्षांशांवर याच उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, जोरकस प्रवाह असतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल आणि हिवाळ्यात तीनशेच्याही पुढे जाते. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात ततेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो भाषेत छापला आणि म्हणूनच जगाने तो वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर निघालेली अमेरिकी बॉम्बफेकी विमानं या वाऱ्यात सापडली, तेव्हा त्यांची खरी ताकद सगळ्यांच्या लक्षात आली. आज आपण त्यांना जेट प्रवाह म्हणतो.

मागून वारा असेल तर तो विमानाच्या वेगात मिळवायचा, समोरून असेल तर वजा करायचा. न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊ. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचाच वारा धरला, तरी पूर्वेकडे येताना जमिनीवरचा वेग ९५० होतो आणि १२,५०० किलोमीटरला सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर लागतात. पश्चिमेकडे जाताना वेग ८५० आणि वेळ पावणेपंधरा तास. दीड तासाचा फरक इथेच पडला. वर चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वाकडी वाट हे सगळं त्यात मिळवा. जाताना पंधरा-सोळा आणि येताना चौदाच्या आसपास तास तिकिटावर दिसतात ते यामुळे. पृथ्वी खालून फिरते म्हणून येताना वेळ कमी लागतो, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमानही.

अनेकांना वाटतं की जाताना गेलेला वेळ येताना परत मिळतो, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो. कागद-पेन्सिल घ्या. वारा नाही असं धरलं तर ९०० च्या वेगाने जाऊन-येऊन २५,००० किलोमीटरला २७ तास ४७ मिनिटं. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. येताना १,००० चा वेग, साडेबारा तास. जाताना ८०० चा वेग, १५ तास ३७ मिनिटं. बेरीज २८ तास ७ मिनिटं. वीस मिनिटं गेली कुठे? समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून त्याचा तोटा मागच्या वाऱ्याच्या फायद्यापेक्षा नेहमीच थोडा जास्त होतो. वारा दोन्ही फेऱ्यांना सारखाच असेल, तर जाऊन-येऊनच्या प्रवासात तो कधीच फुकट मदत करत नाही.

मग जायला एका बाजूने आणि यायला दुसऱ्या बाजूने गेलं तर? हीच युक्ती एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर केली. डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून पश्चिमेकडे जात असे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, वारा सगळा समोरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडे, जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडत पाठवलं गेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा जवळजवळ दोन तासांनी कमी. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोन तास वाचले. विमानप्रवासात किलोमीटरला किती कमी अर्थ आहे, हे यापेक्षा चांगलं सांगणारं उदाहरण मला माहीत नाही. ही वाट आखणाऱ्यांबद्दल मला मोठा आदर वाटतो.

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोची थेट सेवा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या वेळापत्रकात जायला साधारण सोळा तास आणि यायला त्याहून तासभर जास्त वेळ होता. न्यूयॉर्कच्या बरोबर उलट! आता कारण तुमच्या लक्षात आलं असेल. सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिथे पूर्वेकडूनही जाता येतं, पश्चिमेकडूनही आणि ध्रुवाजवळूनही. जाताना वाऱ्याच्या बाजूने झुकता येतं, येताना त्याला चुकवत वरून यावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला सुमारे १४,००० किलोमीटरचं पहिलं थेट विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरूनच.

कुठली वाट घ्यायची हे दर उड्डाणाला नव्याने ठरतं. निघण्याच्या काही तास आधी वाऱ्याचा ताजा अंदाज घेऊन संगणक अनेक मार्ग तपासतो आणि सगळ्यांत कमी इंधनाचा मार्ग निवडतो. त्यामुळे सोमवारचं विमान आणि मंगळवारचं विमान एकाच वाटेने जाईलच असं नाही. ऋतूही बदल घडवतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारा जेट प्रवाह जूनच्या सुमाराला हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि आपल्या डोक्यावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळाच प्रवाह सुरू होतो. आपल्या मान्सूनशी जोडलेल्या या पूर्वीय प्रवाहाची मांडणी १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानतज्ज्ञाने केली. तो चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर असतो, प्रवासी विमानांच्या वर. पण भांडुपमध्ये पाऊस कोसळत असताना त्या ढगांच्याही वर असा उलटा वारा धावत असतो, हे माहीत असावं.

वाऱ्यावर कुणाची मालकी नसते, आकाशावर मात्र असते. न्यूयॉर्कचा दोरा आपण सिंध, अफगाणिस्तान, रशिया असा ताणला. त्यातला पाकिस्तानचा तुकडा भारतीय विमानांना २४ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. त्याआधी बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ असाही तो बंद होता. दिल्लीच्या विमानांना याचा फटका जास्त बसतो, कारण त्यांना आधी खाली गुजरात-अरबी समुद्रापर्यंत येऊन मग पश्चिमेला वळावं लागतं. मुंबई आधीच समुद्रावर आहे, म्हणून आपला वळसा लहान. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते उघडं राहिलं. त्यामुळे एकाच शहरातून एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या पडू लागल्या. १३ जून २०२५ रोजी इराणवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतूनच मुंबईला परत आलं. त्या विमानात बसलेल्यांसाठी लंडनचं अंतर त्या दिवशी किती होतं, याला किलोमीटरमध्ये उत्तर नाही.

दोऱ्याच्या वाटेने सरळ न जाण्याचं आणखी एक कारण डोंगर. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला लगेच तीन हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं, म्हणजे माणसांना श्वास घेता येतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. तिथे उतरायला खाली जागाच नाही. म्हणून लांब पल्ल्याची विमानं शक्यतो ते पठार टाळतात. आणि उत्तरेला थंडी. अकरा किलोमीटर उंचीवर उणे ५५ अंशांच्या आसपास तापमान असतं आणि विमानाचं नेहमीचं इंधन उणे ४७ ला गोठण्याच्या बेताला येतं. वैमानिक टाकीचं तापमान सतत पाहत असतो, फार उतरलं तर खाली येतो किंवा वेग वाढवतो. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात ठेवायचा, असाही नियम आहे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदानला उतरवावं लागलं, ते इंजिनाच्या बिघाडामुळे. प्रवाशांचे हाल झाले, पण माणसं सुखरूप राहिली ती या नियमांमुळे.

आता तिकिटावरच्या वेळा. यात सगळ्यांचाच गोंधळ होतो आणि तो एका वाक्यात सुटतो : निघण्याची वेळ निघण्याच्या गावची, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. मुंबईची दुपार अडीच, सॅन फ्रान्सिस्कोची संध्याकाळ पाच, तारीख तीच. प्रवास अडीच तासांचा वाटतो. सोळा तास मोजा. मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असतं. साडेसहातून साडेतेरा तास मागे जा, आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच. परत येताना शुक्रवारी रात्री निघालेला माणूस रविवारी पहाटे उतरतो आणि शनिवार हरवतो. जाताना मिळालेला दिवस इथे परत द्यावा लागतो.

हा फरक मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तासाने कमी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत वाढतो, कारण अमेरिका घड्याळ पुढे-मागे करते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. आपल्याला घड्याळ हलवण्याची कल्पना परकी वाटते, पण मुंबईने स्वतः एके काळी घड्याळावरून मोठा वाद घातला होता. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तेव्हा गिरणी कामगारांपासून महापालिकेपर्यंत अनेकांनी विरोध केला. ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. सूर्याशी तीच जास्त इमानी होती, हेही खरं.

शेवटी घरापासून घरापर्यंत. तिकिटावरचे सोळा तास हे दारातून मागे ढकललेल्या विमानापासून पलीकडच्या दाराला लागलेल्या विमानापर्यंतचे असतात. भांडुपच्या माणसाचा प्रवास त्याच्या बराच आधी सुरू होतो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं. एलबीएस मार्गाने गांधीनगरला, तिथून जेव्हीएलआर, पवई, मरोळ, सहार. रात्री उशिरा अर्ध्या तासाची वाट, संध्याकाळी पवईला अडकलात तर दीड तास. सामान हलकं असेल तर लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे गाडी बदलून भुयारी मेट्रोने पुढच्याच स्टेशनला टर्मिनल दोन. दोन-दोन तेवीस किलोच्या बॅगा, वर कुळथाचं पीठ आणि मेतकुटाचे डबे असतील, तर मात्र ही वाट नको. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत आणि ऐरोली पुलामुळे भांडुपकरांना तो फार दूर नाही. तेव्हा तिकिटावर विमानतळ कुठला लिहिला आहे हे आधी पाहा. पलीकडे इमिग्रेशनची रांग, सामानाची वाट आणि मुलाच्या घरापर्यंत तासभर गाडी. सोळा तासांचे बावीस-तेवीस सहज होतात.

म्हणून आई-वडिलांचं तिकीट काढणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे. दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला थांबणारं विमान दहा-पंधरा हजारांनी स्वस्त असेल, पण सत्तरीतल्या माणसासाठी पडद्यावरचा किमतीचा रकाना आधी पाहू नका. एकूण वेळेचा रकाना पाहा आणि मधल्या थांब्याचे तास पाहा. दीड तासाचा थांबा म्हणजे परक्या विमानतळावर गुडघे धरून पळापळ, आठ तासांचा म्हणजे खुर्चीत काढलेली रात्र. तीन-चार तासांचा बरा. चालताना त्रास होत नसला तरी व्हीलचेअर मागून ठेवा, ती तिकीट काढतानाच नोंदवता येते आणि तिचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. थेट विमान असेल तर दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा, पाणी प्यायला सांगा आणि रोजच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. गोळीची वेळ मुंबईच्या घड्याळाने धरायची की तिकडच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मधुमेहाच्या इन्सुलिनला तर हे अगदी आवश्यक आहे, कारण पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि पूर्वेकडे येताना तो आखूड होतो.

पुढच्या भागात समुद्राच्या वाटा : मुंबई बंदरातून एडनपर्यंत मान्सूनचा वारा धरून जाणाऱ्या गलबतांचं वेळापत्रक.